कर्नल सँडर्स आणि ते १००९ नकार: यातलं खरं किती?

कॉमर्सवाला (धागाकर्ता)

कॉमर्सच्या मुलांपुढे दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय केएफसीचे हार्लंड सँडर्स. शोधायला बसलो तर मराठीत जिकडेतिकडे एकच ढकलपत्र फिरतंय: ‘६५व्या वर्षी हातात १०५ डॉलरचा चेक आणि कोंबडीची एक पाककृती. १००९ हॉटेलांनी हाकलून दिलं, १०१०व्याने हो म्हटलं.’ काही आवृत्त्यांत तर ते झाडाखाली मृत्युपत्र लिहायला बसतात आणि तिथेच साक्षात्कार होतो. मुलं हे आधीच पाठ करून आलेली असणार. म्हणून तीन गोष्टी विचारतो.

१) यातलं कागदोपत्री खरं काय?
२) एका कोंबडीमागे ४ सेंट रॉयल्टी हे प्रत्यक्षात कसं चालायचं? त्यात पैसा कुठे होता?
३) ‘प्रेशर कुकरमध्ये तळलं’ म्हणजे नेमकं काय केलं? कुकरमध्ये तेल घालून तळतात हे डोक्यात बसत नाही.

प्रेरणादायी वाक्यं नकोत, ती भरपूर जमली आहेत.

---

जुनी_दप्तरं

१००९ सोडून द्या. त्या आकड्याला त्या काळचा काही पुरावा नाही आणि तारखाही त्याच्या विरोधात जातात. पहिली फ्रँचायझी १९५२ची, युटा राज्यातल्या साऊथ सॉल्ट लेकमध्ये पीट हार्मन यांना दिलेली. सँडर्स यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९०चा, म्हणजे तेव्हा वयाची बासष्टी. त्या वेळी केंटकीतल्या कॉर्बिन गावाजवळचं त्यांचं स्वतःचं रेस्टॉरंट आणि मोटेल व्यवस्थित चालू होतं. १०५ डॉलरची गोष्ट १९५६ची. म्हणजे पहिला होकार आधी मिळाला, खिसा नंतर रिकामा झाला. ढकलपत्राने क्रम उलटा लावलाय.

शिवाय साधा गुणाकार करा. त्यांची पद्धत अशी होती: हॉटेलात जायचं, मालकाला आणि कामगारांना स्वतः कोंबडी तळून खायला घालायची, आवडली तर तिथेच थांबून काही दिवस गिऱ्हाइकांसाठी रांधायचं. अशी दोन हॉटेलं दिवसाला धरली तरी १००९ नकारांना सुट्टी न घेता पाचशे दिवस लागतील. नकार भरपूर मिळाले असणार यात शंका नाही, पण ते वहीत मोजून ठेवलेले नाहीत.

१०५ डॉलर मात्र खरे. ती त्यांची सामाजिक सुरक्षा पेन्शन, महिन्याची. गाडीच्या मागच्या सीटवर झोपून काढलेल्या रात्रीही खऱ्या.

‘कर्नल’ ही लष्करी पदवी नाही. सैन्यात ते होते, पण वय खोटं सांगून भरती झालेले आणि क्युबात काही महिने खेचरांच्या गाड्यांवर. १९०७ मध्ये सुटले. ‘केंटकी कर्नल’ हा राज्याच्या गव्हर्नरांनी द्यायचा मान. १९३५ मध्ये रुबी लफून यांनी दिला, १९५० मध्ये लॉरेन्स वेदरबी यांनी पुन्हा. पांढरा सूट, काळी दोरीसारखी टाय आणि रंगवून पांढरी केलेली दाढी हे सगळं या दुसऱ्या वेळेनंतरचं. तो वेश ठरवून घेतलेला आहे.

मुलांना अपयशंच सांगायची असतील तर खरी सांगा, ती जास्त कामाची आहेत. वडील १८९५ मध्ये गेले, आई टोमॅटोच्या डबाबंद कारखान्यात कामाला, त्यामुळे लहान भावंडांचं जेवण यांच्याकडे. सातवीत शाळा सुटली. रेल्वेत फायरमन. टपालाद्वारे कायद्याचा अभ्यास करून लिटल रॉकला वकिली, आणि ती संपली कोर्टातच स्वतःच्या अशिलाशी झालेल्या मारामारीत. मग विमा. १९२०च्या सुमारास ओहायो नदीवर फेरीबोटीची कंपनी, आणि ती चांगली चालली. तिचे शेअर २२,००० डॉलरला विकून ॲसिटिलीनचे दिवे बनवायचा कारखाना काढला. त्याच सुमारास डेल्को कंपनीने विजेचे दिवे आणले आणि तेही उधारीवर. कारखाना बसला. मग मिशेलिनचे टायर. मग निकोलसव्हिलला पेट्रोल पंप, तो मंदीत १९३०ला बंद.

कॉर्बिन त्यानंतर. १९३० मध्ये शेल कंपनीने पंप बिनभाड्याने दिला, बदल्यात विक्रीचा हिस्सा. हीच व्यवस्था पुढे त्यांनी कोंबडीला लावली असं म्हणायला जागा आहे: जागा आणि भांडवल दुसऱ्याचं, आपला फक्त नगामागे वाटा. ही जोडणी माझी, पुराव्यात धरू नका.

मृत्युपत्र आणि झाड कुठेही सापडत नाही.

---

टोलनाका

वरच्या प्रतिसादात एक राहिलं: खिसा रिकामा का झाला? ‘महामार्गाने बुडवलं’ एवढंच सगळे लिहितात. गंमत अशी की त्यांचं रेस्टॉरंट चाललंच होतं रस्त्यामुळे. यूएस २५ हा महामार्ग कॉर्बिनच्या उत्तरेला दुभंगतो, २५ पूर्व आणि २५ पश्चिम. फ्लोरिडाकडे जाणारी-येणारी गाडी तिथे वेग कमी करणारच. पंप त्या फाट्यालगत. आधी घरातल्या जेवणाच्या टेबलावर सहा माणसं बसायची, १९३७ पर्यंत १४२ खुर्च्यांचं रेस्टॉरंट झालं. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते जळलं, पुन्हा बांधलं. १९४१च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली, पेट्रोलचं रेशनिंग आलं, पर्यटक आटले आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिलचं त्यांचं दुसरं मोटेल बंद पडलं. म्हणजे रस्त्यावर अवलंबून असल्याचा पहिला फटका तेव्हाच बसलेला होता.

१९५३ मध्ये कॉर्बिनच्या जागेला १,६४,००० डॉलरची मागणी आली होती, ती नाकारली. मग फाट्याची जागा बदलली आणि आंतरराज्य महामार्ग ७५ची आखणी गावाला वळसा घालून झाली. १९५६ मध्ये लिलावात ७५,००० मिळाले, ते देणी भागवण्यात गेले. तीन वर्षांत निम्म्याहून खाली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना द्रुतगती मार्गानंतर काय झालं हे मुलांना वेगळं समजवायला नको.

---

ताळेबंद

प्रश्न २.

पहिली गोष्ट: १९५२ साली दिलेली फ्रँचायझी म्हणजे आज आपण समजतो तसं लाल-पांढरं दुकान नव्हतं. हार्मन यांचं स्वतःचं रेस्टॉरंट आधीच चालू होतं. त्यांनी मेनूकार्डावर एक पदार्थ वाढवला, बस्स. ‘केंटकी फ्राइड चिकन’ हे नावही तिथेच सुचलं, पाटी रंगवायला आलेल्या डॉन अँडरसन यांना. युटात बसून केंटकीचं नाव लावलं की वेगळेपण येतं, दक्षिणेतल्या पाहुणचाराची आठवण होते, असा हिशेब. पहिल्या वर्षात हार्मन यांची विक्री तिपटीहून जास्त झाली आणि वाढीतला ७५ टक्के भाग तळलेल्या कोंबडीचा.

म्हणून फ्रँचायझी घेणाऱ्याचा खर्च किती? काही कुकर, मसाला, पाटी. नवीन जागा नाही, नवीन आचारी नाही. धोका कमी, म्हणून होकार मिळवणं सोपं. सँडर्स यांचा खर्च? गाडी, पेट्रोल आणि स्वतःचा वेळ. दुकान उभारायला एक डॉलर घालायचा नाही.

रॉयल्टी कोंबडीमागे ४ सेंट, पुढे ५. आता काल्पनिक हिशेब करा (हे आकडे माझे, कंपनीचे नव्हेत). एका ठिकाणी दिवसाला ८० कोंबड्या, वर्षाचे ३०० दिवस: २४,००० कोंबड्या, ४ सेंटने ९६० डॉलर. एका हॉटेलातून वर्षाला हजारही नाही! पण १९६४ पर्यंत अशी ६०० हून अधिक ठिकाणं झाली होती. ९६० गुणिले ६०० म्हणजे ५,७६,०००. वर कर्मचारी जवळपास नाहीत, गोदाम म्हणजे केंटकीतल्या शेल्बीव्हिलचं राहतं घर. पत्नी क्लॉडिया मसाला मिसळून पाकिटं भरायच्या आणि रात्रीच्या गाडीने पाठवायच्या. हा धंदा ‘नग छोटा, संख्या मोठी’ या जातीचा.

टक्केवारीऐवजी नग का? कारण करार बहुतेक तोंडी, हातात हात देऊन झालेले. टक्केवारी घ्यायची तर गल्ल्याची वही तपासावी लागते, आणि शेकडो मैलांवरच्या हॉटेलाची वही कोण तपासणार? कोंबड्या मोजणं सोपं. त्यातही मसाला फक्त यांच्याकडूनच येणार, त्यामुळे पाकिटं किती गेली यावरून कोंबड्या किती तळल्या याचा अंदाज बांधता येतो. पाककृती गुप्त ठेवण्याचा चवीइतकाच हाही उपयोग. मुलांना हा मुद्दा जरूर सांगा: त्या पाकिटांत मीटर बसवलेलं होतं.

तोटे दोन. महागाई वाढली की ४ सेंट तिथेच राहतात, टक्केवारी मात्र आपोआप वाढते. दुसरा तोटा जास्त जाचक: कोंबडी सोडून बाकी ताटावर तुमचा ताबा राहत नाही. ग्रेव्ही, बटाटे, कोलस्लॉ यातलं काही बिघडलं तरी तुमचे ४ सेंट येत राहतात आणि नाव तुमचं जातं. पुढची सगळी भांडणं इथूनच निघाली.

---

चाळणी

पूर्ण सहमत, फक्त हार्मन यांना पहिला गिऱ्हाईक म्हणून सोडू नका. आज ज्याला आपण केएफसी म्हणतो त्यातलं बरंच त्यांच्याकडून आलेलं आहे. १९५७ची बकेट त्यांची: १४ तुकडे, ५ पाव, एक पाइंट ग्रेव्ही, किंमत साडेतीन डॉलर. एका कुटुंबाचं रविवारचं जेवण एका डब्यात. सँडर्स यांच्या डोक्यात टेबलावर बसून खायचं जेवण होतं. घरी घेऊन जायचं जेवण हार्मन यांच्या डोक्यात होतं.

आणखी एक नाव: डेव्ह थॉमस. १९६२ मध्ये ओहायोतल्या कोलंबसची चार बुडीत दुकानं सावरायला त्यांना पाठवलं. त्यांनी काय केलं? शंभरावर पदार्थांचं मेनूकार्ड छाटून कोंबडी आणि तिच्यासोबतचे मोजके पदार्थ ठेवले. १९६८ मध्ये आपला वाटा विकून पैसे मोकळे केले आणि १९६९च्या नोव्हेंबरात त्याच शहरात बर्गरचं ‘वेंडीज’ काढलं. एका साखळीच्या पोटातून दुसरी साखळी.

---

तळणीचं_शास्त्र

प्रश्न ३. आधी इशारा, कारण हा धागा वाचून कुणीतरी प्रयोग करणारच: घरच्या कुकरमध्ये तेलात तळू नका. कुठल्याही कंपनीच्या, कितीही चांगल्या. का ते खाली येतंच.

अडचण काय होती ते पाहा. सँडर्स लोखंडी तव्यात थोड्या तेलात कोंबडी तळायचे, एका खेपेला साधारण अर्धा तास. वाटसरू अर्धा तास थांबत नाही. आधी तळून ठेवावी तर सुकते आणि रात्री उरलेली फेकावी लागते. भरपूर तेलात बुडवून तळणं झटपट होतं, पण ते त्यांना पसंत नव्हतं: बाहेरून करपते, हाडापाशी कच्ची राहते. १९३९ मध्ये न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात घरगुती प्रेशर कुकर आला, भाज्या झटपट शिजवायला म्हणून. त्यात फेरफार करून त्यांनी तेल आणि कोंबडी घातली. जुलै १९४० पर्यंत मसाला आणि पद्धत दोन्ही पक्कं झालं. वेळ दहा मिनिटांच्या आत.

आत काय घडतं? उघड्या कढईत तेल १७० अंशांवर असलं तरी मांसातलं पाणी १०० अंशांना उकळून वाफ होतं आणि बुडबुड्यांनी बाहेर पडतं. तो चर्रर्र आवाज म्हणजे कोंबडीतला रस निघून चाललाय. झाकण घट्ट बसवलं की त्याच वाफेचा दाब तयार होतो. पाणी बाहेरून घालावं लागत नाही, कोंबडीतलंच पुरतं. चौरस इंचाला १२ पौंड जादा दाबावर पाणी साधारण ११७-११८ अंशांना उकळतं. म्हणजे दोन फायदे. मांसाच्या आतलं तापमान १००च्या पुढे जाऊ शकतं, म्हणून हाडापर्यंत लवकर शिजतं. आणि पाणी वाफ व्हायला नाखूश असतं, म्हणून रस आत राहतो. रस बाहेर कमी आला की तेलही आत कमी शिरतं.

खानावळीतल्या यंत्रावर क्रम साधारण असा असतो:

- सव्वा किलोच्या आतबाहेरची कोंबडी, ८ किंवा ९ तुकडे. तुकडे सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर पंख जळतात आणि मांडी कच्ची राहते.
- दूध-अंड्याच्या घोळात बुडवून निथळायचं, मग मसाल्याच्या पिठात घोळवायचं, जादा पीठ झटकायचं. पाच-दहा मिनिटं ठेवलं तर पीठ ओल धरतं आणि तेलात सुटत नाही.
- तेल १६०-१६५ अंशांवर आलं की तुकडे सोडायचे. झाकण लगेच नाही. पहिला अर्धा-एक मिनिट उघडं, कवच धरेपर्यंत.
- झाकण, दाब, साधारण ८ ते १० मिनिटं. तुकडे गेल्यावर तेल खाली उतरतं, ते पुन्हा चढू देत नाहीत, कमी आचेवरच शिजवतात.
- दाब पूर्ण शून्यावर आल्यावरच झाकण. मग जाळीवर, कागदावर नाही. कागदावर खालची बाजू वाफेने मऊ पडते.

काय बिघडतं: तेल भांड्याच्या निम्म्याहून वर गेलं की फेस झडपेपर्यंत येतो. तुकडे बर्फाळ असले तर एकदम प्रचंड वाफ होते. गळालेलं पीठ तळाशी जळून तेल कडू करतं, म्हणून रोज गाळणं आलंच. हा शेवटचा त्रास एवढा होता की पुढे केंटकीतल्याच विन्स्टन शेल्टन या इंजिनियरने ‘कलेक्ट्रामॅटिक’ नावाचं यंत्र काढलं. त्यात तापवणाऱ्या नळ्या वर आणि त्यांच्याखाली तेलाचा थंड थर. चुरा तिथे जाऊन बसतो आणि जळत नाही. त्याआधी १९५७ मध्ये हेनी पेनी कंपनीने खास तळणीसाठीच बांधलेलं यंत्र बाजारात आणलं होतं.

आता घरचा कुकर. त्याची रचना पाण्याच्या वाफेसाठी, म्हणजे साधारण १२० अंशांसाठी. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे त्याहून थोड्या वरच्या तापमानाला वितळणारी गोळी. तेल १६०ला. गोळी वितळली की वाफ नाही, उकळतं तेल फवाऱ्यासारखं बाहेर, खाली गॅसची ज्योत. रबरी रिंगही त्या तापमानासाठी नाही. सुरुवातीच्या काळात सँडर्स गाडीत घेऊन फिरायचे ते कुकरही काही निर्धोक नव्हते. तेव्हाच्या हॉटेलांत भाजणं, झाकण उडणं असे प्रकार घडले म्हणून तर वेगळी यंत्रं निघाली.

अवांतर: सॉल्ट लेक साधारण १३०० मीटर उंचावर आहे. तिथे उघड्यावर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. दाबाखाली तळण्याचा फायदा केंटकीपेक्षा तिथे अंमळ जास्तच.

---

कॉमर्सवाला

मीटरचा मुद्दा आणि रस्त्याचा मुद्दा, दोन्ही घेतो. दहा मिनिटं आताच कमी पडायला लागली.

दोन शंका उरल्या. एवढं नीट चाललं होतं तर १९६४ मध्ये सँडर्स यांनी कंपनी विकली का, आणि तिचे २० लाख डॉलर मिळाले ही फसवणूक होती का? दुसरं, त्यांच्या पाककृतीतले ते ११ मसाले खरंच गुपित आहेत का?

---

ताळेबंद

फसवणूक म्हणता येणार नाही, पण स्वस्तात गेलं.

वय ७३, सहाशेवर ठिकाणं, आणि कार्यालय म्हणजे घर. दर्जा तपासायला स्वतःच गाडी काढायची. ही व्यवस्था एका माणसाच्या तब्येतीवर उभी होती. जॉन वाय. ब्राउन (धाकटे, जे पुढे केंटकीचे गव्हर्नर झाले) आणि जॅक मॅसी यांनी २० लाख डॉलर आणि तहहयात ४०,००० डॉलर वार्षिक पगार देऊ केला. बदल्यात चेहरा आणि नाव कंपनीचं. कॅनडाचे हक्क सँडर्स यांनी स्वतःकडे ठेवले आणि १९६५ मध्ये मिसिसॉगाला राहायला गेले. हा त्यातला शहाणपणाचा भाग, तो बहुतेक ठिकाणी वगळतात.

नव्या मालकांनी मेनूतला पदार्थ विकणं थांबवून स्वतंत्र दुकानं विकायला सुरुवात केली. टोकदार छप्पर, लाल-पांढरे पट्टे, घरी नेण्यावर भर. १९६६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. १९७१ मध्ये ह्यूब्लाइन या दुसऱ्या कंपनीने ती २८.५ कोटी डॉलरला घेतली. ७ वर्षांत १४२ पट. त्यात सँडर्स यांचा कष्टाचा भाग तोच, पण मालकीचा भाग शून्य. मुलांसाठी एक ओळ पुरे: पगार घेतला, हिस्सा ठेवला नाही.

---

जुनी_दप्तरं

आणि मग ग्रेव्ही.

विकल्यानंतर ते वर्षाला लाखो मैल फिरायचे, अचानक दुकानात शिरायचे आणि थेट मागच्या बाजूला. ग्रेव्ही चाखायची, नापसंत पडली तर सगळ्यांसमोर शिव्या. त्यांची मूळ ग्रेव्ही वेळखाऊ होती, तळणीतल्या खरवडीपासून केलेली. हजारो दुकानांत नवख्या पोरांकडून ती सारखी होणं अवघड, म्हणून कंपनीने सोपी केली. कंपनीच्या बाजूने हा निर्णय बरोबर होता, हे मान्य करायला हवं. सँडर्स यांनी मात्र वर्तमानपत्राला सांगितलं की ही भिंतीला कागद चिकटवायची खळ आहे. त्यावर बोलिंग ग्रीनच्या एका फ्रँचायझीने अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९७८ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शेरा कुठल्या एका दुकानाबद्दल नव्हता, म्हणून दावा टिकत नाही. म्हणजे माणूस कंपनीचा पगारी चेहरा, आणि कंपनीच्या ग्रेव्हीला नावं ठेवतोय, आणि कोर्टात जिंकतोय.

शेल्बीव्हिलला त्यांनी पत्नीच्या नावाने वेगळं रेस्टॉरंट काढलं, त्यावरूनही ह्यूब्लाइनशी वाद आणि शेवटी कोर्टाबाहेर तडजोड. ते ‘क्लॉडिया सँडर्स डिनर हाउस’ तिथेच आहे. सँडर्स १६ डिसेंबर १९८० रोजी लुईव्हिलमध्ये वारले, वय ९०.

भारताचा धागा हवाच असेल तर: पहिलं दुकान जून १९९५ मध्ये बेंगळुरूत. त्याच वर्षी महापालिकेने अजिनोमोटो मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं म्हणत ते बंद केलं, शेतकरी संघटनेची आंदोलनं झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. पण तो सँडर्स यांच्या आयुष्याचा भाग नाही, भाषणात घुसडू नका.

---

तळणीचं_शास्त्र

मसाल्यांचं. कंपनी म्हणते गुपित आहे, आणि मिश्रण दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडे अर्धंअर्धं बनतं, म्हणजे पूर्ण यादी एकाकडे नाही. २०१६ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने क्लॉडिया यांच्या भाच्याकडच्या वहीत सापडलेली हाताने लिहिलेली यादी छापली. कंपनीने ती आपली असल्याचं मान्य केलेलं नाही. यादी अशी, मोठ्या चमच्यांत, २ कप मैद्याला:

मीठ २/३, थाइम १/२, बेसिल १/२, ओरेगॅनो १/३, सेलरी सॉल्ट १, काळी मिरी १, सुकी मोहरी पूड १, पॅप्रिका ४, गार्लिक सॉल्ट २, सुंठ १, पांढरी मिरी ३.

मोजा, ११ भरतात. ट्रिब्यूनच्या स्वयंपाकघरात करून पाहिलं तेव्हा अजिनोमोटो घातल्यावर चव जुळली, असं त्यांनीच लिहिलं.

यात हमखास चुकतं ते असं. पॅप्रिका म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. ४ चमचे साधं तिखट घातलंत तर खाणाऱ्याचं काही खरं नाही. काश्मिरी घ्या, तेही ३ चमचे. मीठ तीन ठिकाणांहून येतंय, त्यामुळे कोंबडी आधी मिठाच्या पाण्यात ठेवली असेल तर वरचं मीठ वगळा. पांढरी मिरी काळीने बदलू नका. खरी ओळख तिचीच आहे, मागे राहणारी ती किंचित कुबट-तिखट चव. सुंठ आणि मोहरी ताजी दळा, डब्यात वर्षभर पडलेली पूड म्हणजे नुसता रंग.

उघड्या कढईत करा: तेल १७५ अंश, ३-४ तुकडे एका वेळी, १५ ते १८ मिनिटं, मधे एकदा उलटायचे. तुकडे एकदम जास्त सोडले की तेल १४०वर येतं आणि कवच तेलकट होतं. हाडाजवळ ७४ अंश झाले की काढा. थर्मामीटर नसेल तर मांडीच्या सांध्याशी सुरी खुपसा. रस स्वच्छ हवा. हाडाचा रंग लालसर दिसला तरी घाबरू नका, गोठवलेल्या कोवळ्या कोंबडीत हाडातल्या मज्जेचा रंग बाहेर येतो, शिजलेली असली तरी. मैदा कोरडा राहून पांढरे डाग दिसायला लागले तर पीठ लावून दहा मिनिटं थांबला नव्हतात.